पन्नास फॅदमची सीमा
(जाक-ईव्ह कुस्तो यांचा जीवनपरिचय)

द्वितीय वर्ष, कला

निसर्गाने जिथे भिंत उभी केली, तिथे माणूस नेहमीच डोकावून पाहत आला आहे. हिमालयाचे शिखर असो, दक्षिण ध्रुव असो की चंद्राची भूमी असो, त्याने आपले पाऊल तिथे उमटविलेच. मात्र पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के भाग ज्याने झाकला आहे त्या समुद्राच्या पोटात मोकळेपणाने हिंडण्याची कला माणसाला फार उशिरा साधली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पाणबुड्यांच्या डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण असे, पायांत शिशाचे जोडे असत आणि वरच्या होडीतून हवा आणणारी नळी पाठीमागे लोंबत असे. खुंटीला बांधलेल्या गुराप्रमाणे त्या नळीच्या लांबीएवढेच त्यांचे जग. ज्यांनी हे दावे तोडले त्यांत एक नाव ठळकपणे पुढे येते. ते म्हणजे फ्रान्सचे जाक-ईव्ह कुस्तो.

कुस्तो यांच्याकडे मी वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. आमचे गाव मालवण तालुक्यात किनाऱ्यावर आहे. माझा चुलतभाऊ पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या होडीवर कामाला आहे. मोठ्या शहरांतून येणाऱ्या काही पाहुण्यांच्या मनगटावर लाखांच्या घरातली परदेशी घड्याळे असतात. त्यांच्या तबकडीवर ३०० मीटर, ६०० मीटर असे आकडे लिहिलेले असतात. पाहुणे उतरतात ते दहा मीटरांच्याही आत. मग हे आकडे कोणासाठी? असले घड्याळ बांधून माणूस खरोखर किती खोल जातो? घड्याळाच्या मागे लागून मी शोधू लागलो आणि उत्तर शोधता शोधता एका माणसाचे आयुष्यच समोर उभे राहिले. ते माझ्या वर्गबंधूंसमोर आणि भगिनींसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

बालपण आणि अपघात

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळच्या सां-आंद्रे-द-क्युबझाक या लहानशा गावी झाला. वडील दानियल हे वकिलीचे शिक्षण घेतलेले. श्रीमंत अमेरिकन गृहस्थांचे खाजगी चिटणीस म्हणून ते काम करीत. त्यामुळे बिऱ्हाड सतत पाठीवर असे. लहानपणी जाकची प्रकृती तोळामासा होती. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला होते. त्या काळात एका उन्हाळी शिबिरात एका शिक्षकाने शिक्षा म्हणून या मुलाला तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढण्याचे काम दिले. शिक्षा बाजूलाच राहिली. पाण्याखाली श्वास रोखून राहण्याची गोडी मात्र त्याला तिथेच लागली.

शाळेत हा मुलगा काही हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हता. शाळेच्या खिडक्यांची तावदाने फोडल्याबद्दल त्याला काढून टाकण्यात आले आणि शिस्तीसाठी आल्सास प्रांतातील वसतिगृहाच्या शाळेत धाडण्यात आले. तिथे तो सुधारला. यंत्रे उघडून पाहण्याचा आणि चित्रपट काढण्याचा छंद मात्र कायम राहिला. तेराव्या वर्षी साठविलेल्या पैशांतून त्याने एक चलच्चित्र कॅमेरा घेतला होता. पुढच्या साऱ्या कीर्तीचे बीज या दोन छंदांत आहे असे मला वाटते.

१९३० साली कुस्तो ब्रेस्त येथील नौदल विद्यालयात दाखल झाले. त्यांना व्हायचे होते वैमानिक. नौदलाच्या हवाई विभागाचे शिक्षणही सुरू झाले. परंतु १९३६ साली रात्रीच्या वेळी त्यांच्या मोटारीला भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले, पण त्यांनी ते मानले नाही. महिनोन्महिने कष्ट करून त्यांनी बोटे हलवली, मग मनगट, मग हात. वैमानिक होण्याचे स्वप्न मात्र कायमचे मावळले.

नेमणूक झाली ती तूलाँ बंदरात. तिथे फिलिप ताय्ये नावाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने हातांना व्यायाम म्हणून त्यांना समुद्रात पोहण्यास लावले आणि पाण्यात घालण्याचा चष्मा दिला. तो घालून कुस्तो यांनी पाण्यात तोंड बुडविले आणि जे दिसले त्याने त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. वर नेहमीचा रस्ता, मोटारी, माणसे. आणि वीतभर खाली शेवाळ, मासे, खडक यांचे एक निराळेच राज्य! ज्याचे आकाश हिरावले गेले होते त्याला समुद्राने जवळ केले. पुढे ताय्ये, पट्टीचा मासेमार फ्रेदेरिक द्युमा आणि कुस्तो असे त्रिकूट जमले. १९३७ साली कुस्तो यांचा विवाह सिमोन मेल्शिओर यांच्याशी झाला. या बाईंचा उल्लेख पुढे पुन्हा येणारच आहे.

श्वासाचे यंत्र

एका श्वासात माणूस किती खोल जाणार आणि किती थांबणार? आमच्याकडे होडीचा नांगर खडकात अडकला की माझे काका बुडी मारून तो सोडवीत. ते खाली असेपर्यंत होडीवरची माणसे मनातल्या मनात आकडे मोजीत. मिनिट उलटले की सगळ्यांचे चेहरे बदलत. कुस्तो यांनाही हीच अडचण होती. कॅमेरा घेऊन खाली जावे, तर चित्र घेण्याआधीच श्वास संपे.

प्रथम त्यांनी शुद्ध प्राणवायूवर चालणारे उपकरण करून पाहिले. दोन वेळा पाण्याखाली त्यांना आचके येऊन शुद्ध गेली. सुदैवाने जीव वाचला. प्राणाला आधार देणारा हा वायू दाबाखाली विषासारखा वागतो. पंधरा मीटरांच्या आसपासदेखील शुद्ध प्राणवायू माणसाचा घात करू शकतो, हा धडा त्यांनी स्वतःच्या देहावर घेतला.

पुढे महायुद्ध पेटले आणि फ्रान्स शत्रूच्या टाचेखाली गेला. सिमोनचे वडील एर लिकिद या वायू तयार करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या ओळखीने डिसेंबर १९४२ मध्ये कुस्तो पॅरिसला एमिल गान्यां या अभियंत्याला भेटले. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले होते आणि मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. त्या मोटारींसाठी गान्यां यांनी एक झडप बनविली होती. इंजिन जेवढे मागेल तेवढाच गॅस ती सोडी. इंजिनाच्या जागी माणसाची फुफ्फुसे मानली तर? दोघांनी त्या झडपेत फेरफार केले. पाठीवरच्या नळकांड्यात भारी दाबाने भरलेली हवा असे. पाणबुड्याने श्वास घेतला की झडप उघडे आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब तेवढ्याच दाबाने हवा तोंडात येई. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत दोष आढळला. तो दूर करून जून १९४३ मध्ये भूमध्य समुद्राच्या काठी बांदोलजवळ कुस्तो पाण्यात उतरले. सिमोन वरून पोहत लक्ष ठेवीत होत्या आणि द्युमा मदतीसाठी काठावर सज्ज होते. कुस्तो पाण्याखाली उलटे झाले, कोलांट्या मारल्या, डोके खाली करून तरंगले. श्वास कुठेच अडला नाही. ॲक्वालंग जन्मास आले. आज जगभर, आमच्या मालवणच्या पाण्यातही, जे स्कूबा वापरतात त्याचे मूळ या झडपेत आहे.

खोलीची किंमत

आता थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. त्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. समुद्रात दर दहा मीटर खाली गेले की दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरांवर दोन, चाळीसवर पाच आणि नव्वदवर दहा. दाब पाचपट झाला की प्रत्येक श्वासाला हवाही पाचपट लागते. म्हणजे वर तासभर पुरणारे नळकांडे चाळीस मीटरांवर बारा मिनिटांत रिते होईल. दुसरी गोष्ट अशी की, हवेतील नायट्रोजन दाबाखाली रक्तात आणि शरीरात विरघळत जातो. तीस मीटरांच्या पुढे तो मद्यासारखा डोक्यात चढू लागतो. माणसाला विनाकारण आनंद होतो, भय नाहीसे होते आणि विवेक सुटतो. शिवाय घाईने वर यावे तर तोच नायट्रोजन, सोड्याची बाटली फोडावी तसा, बुडबुड्यांच्या रूपाने अंगात फुटतो. सांधे आखडतात, अंग लुळे पडते, प्रसंगी मृत्यूही येतो. म्हणून किती खोल गेलो याइतकेच किती वेळ राहिलो आणि किती सावकाश वर आलो यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली याचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. ते पाळायचे तर मनगटावर घड्याळ हवेच.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये नौदलाने तूलाँ येथे पाण्याखालील संशोधनासाठी एक पथक उभारले. ताय्ये, कुस्तो व द्युमा त्यात होतेच. याच पथकात मोरिस फार्ग नावाचे एक कसलेले नौसैनिक होते. त्यांची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण कुस्तो यांच्या चरित्रात मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग तोच वाटला.

ऑगस्ट १९४६ मध्ये कुस्तो आणि द्युमा हे फोंतेन द व्होक्ल्यूझ या प्रसिद्ध झऱ्याच्या अंधाऱ्या विवरात उतरले. दोराचे वरचे टोक फार्ग यांच्या हाती होते. खाली दोघांचीही डोकी बधिर झाली, हालचाली मंदावल्या, खुणांचा घोटाळा झाला. कुस्तो कसेबसे दोर धरून वर चढू लागले. वर फार्ग यांना संशय आला आणि त्यांनी दोर ओढून घेतला. दोघेही मरता मरता वाचले. मागाहून कळले की, नळकांड्यांत हवा भरणाऱ्या यंत्राने स्वतःचाच धूर आत ओढला होता आणि त्या हवेत विषारी कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता.

पुढच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, साध्या हवेवर माणूस किती खोल जाऊ शकतो हे पाहण्याचे पथकाने ठरविले. वजन लावलेला एक लांब दोर पाण्यात सोडला. त्याला ठराविक अंतरावर पांढऱ्या फळ्या बांधल्या. पाणबुड्याने दोराने खाली जायचे आणि ज्या फळीपर्यंत पोहोचला तिच्यावर आपले नाव लिहून परत यायचे. कुस्तो नव्वद मीटरांपर्यंत जाऊन आले. तिथे हवेतल्या प्राणवायूचाही दाब धोक्याच्या पलीकडे जातो आणि नायट्रोजनची धुंदी तर शिगेला पोहोचलेली असते. सप्टेंबर महिन्यात फार्ग त्याहून खोल उतरले. काही वेळ दोरावर त्यांच्या खुणा येत राहिल्या, मग त्या थांबल्या. सोबत्याने तातडीने बुडी मारली, वरच्यांनी दोर ओढला. फार्ग वर आले ते तोंडातली श्वासनळी सुटलेल्या अवस्थेत. कित्येक तास प्रयत्न केले, पण त्यांचे प्राण परतले नाहीत. मागाहून दोर वर घेतला तेव्हा १२० मीटरांच्या फळीवर त्यांची सही आढळली.

आदल्या वर्षी ज्याने दोर ओढून आपल्याला वाचविले त्याच्यासाठी आपला दोर पुरला नाही, हे कुस्तो यांना किती लागले असेल याची कल्पना आपण करू शकतो. साध्या हवेवर नव्वद मीटरांच्या पलीकडे जायचे नाही, ही सीमा त्यानंतर पथकाने मानली. ही सीमा अशा रीतीने एका मनुष्याच्या मरणाने आखली गेली.

मनगटावरचा सोबती

आता घड्याळाकडे येतो. फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांचे प्रमुख रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे आपल्या माणसांसाठी पाण्याखाली चालेल असे घड्याळ शोधीत होते. स्वित्झर्लंडमध्ये ब्लांपँ या जुन्या कंपनीचे प्रमुख झां-जाक फिश्तेर स्वतः हौशी पाणबुडे होते. पाण्याखाली वेळेचे भान न राहून हवा संपल्याचा जिवावरचा प्रसंग त्यांनी अनुभवला होता. या मंडळींच्या प्रयत्नांतून १९५३ साली जे घड्याळ निघाले त्याचे नाव फिफ्टी फॅदम्स. पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्या काळी पाणबुड्याची परमावधी हीच समजली जाई. म्हणजे ज्या सीमेवर फार्ग यांचा बळी गेला, जवळजवळ तीच या घड्याळाचे नाव झाली! रोलेक्स कंपनीचे सबमरीनर याच सुमारास तयार झाले आणि १९५४ साली बाझेलच्या जत्रेत, म्हणजे घड्याळांच्या मोठ्या प्रदर्शनात, मांडले गेले. ते १०० मीटरांसाठी होते.

या घड्याळांत खरी युक्ती काचेभोवतीच्या फिरत्या कड्यात आहे. पाण्यात उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा कड्यावर जो आकडा दाखवील तेवढी मिनिटे आपण खाली आहोत. डोके धुंद झालेल्या माणसालाही हे एका दृष्टिक्षेपात कळते. अंधारात चमकणारे ठळक अंक, पाणी शिरू न देणारी किल्ली, हे सारे त्या एका कामासाठी. तेव्हा त्याला कोणी दागिना मानीत नव्हते. कुस्तो यांच्या पाणबुड्यांच्या मनगटांवर हे फिफ्टी फॅदम्स त्यांच्या गाजलेल्या चित्रपटात दिसते. पुढे १९६७ साली डॉक्सा कंपनीने नारिंगी तबकडीचे जे घड्याळ काढले, तेही कुस्तो यांच्या चमूने वापरले.

त्यानंतर घड्याळांवरचे आकडे वाढतच गेले. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे त्रिएस्त या यानातून पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेत, सुमारे १०,९०० मीटरांवर, पोहोचले. यानाच्या बाहेरच्या अंगाला बांधलेले रोलेक्सचे एक खास घड्याळ वर आल्यावरही चालू होते. माणसे मात्र जाड पोलादी गोलाच्या आत बसली होती. तिथे बाहेर माणूस क्षणभरही तगला नसता. घड्याळ आणि माणूस यांची ताटातूट इथेच झाली. आज हौशी पाणबुड्याला शिकताना १८ मीटरांची मर्यादा घालतात आणि पुढेही ४० मीटरांच्या खाली जाऊ नये असे सांगतात. निरनिराळ्या वायूंची मिश्रणे वापरून २०१४ साली तांबड्या समुद्रात एका इजिप्शियन पाणबुड्याच्या नावे ३३२ मीटरांचा विक्रम नोंदला गेला. त्याविषयी पुढे शंकाही घेतल्या गेल्या. त्या बुडीची हकीकत अशी की, खाली जायला सुमारे पाव तास लागला आणि वर यायला तेरा तासांहून अधिक. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर या दोन वेळांत आहे. खाली जाणे सोपे. परतीचा हिशेब अवघड. तो हिशेब आता मनगटावरचे छोटे संगणक करतात. ३०० मीटरांचा आकडा मिरविणारी बहुतेक घड्याळे पोहण्याच्या तलावापलीकडचे पाणी क्वचितच पाहतात.

कॅलिप्सो आणि पाण्याखालचे घर

कुस्तो यांची कीर्ती जगभर पसरली ती कॅलिप्सो या जहाजामुळे. युद्धकाळात सुरुंग काढणारी आणि नंतर माल्टा बेटाजवळ उतारू वाहणारी ही जुनी नौका १९५० साली एका श्रीमंत इंग्रज गृहस्थाने विकत घेऊन वर्षाला एक फ्रँक एवढ्या नाममात्र भाड्याने त्यांना दिली. ती सजविण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा सिमोन यांनी आपले दागिने विकले. एवढ्यावर न थांबता पुढे वर्षानुवर्षे त्या जहाजावरच राहिल्या. खलाशांची आजारपणे, स्वयंपाक, भांडणे, सारे त्यांनी सांभाळले. कॅमेऱ्यासमोर मात्र त्या फारशा आल्या नाहीत. जगाने कुस्तो यांना पाहिले, पण जहाज कोणाच्या जिवावर चालले हे जहाजावरचे लोक जाणून होते.

१९५३ साली कुस्तो आणि द्युमा यांचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक निघाले आणि त्याच नावाचा चित्रपट १९५६ साली आला. दिग्दर्शनात तरुण लुई माल यांचा वाटा होता. कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्करही. समुद्राचा तळ रंगांत दाखविणाऱ्या सुरुवातीच्या चित्रपटांपैकी तो एक होता. १९५७ पासून कुस्तो मोनॅको येथील समुद्रविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले.

यानंतर कुस्तो यांच्या मनाने निराळे वळण घेतले. आणखी खोल जाण्यापेक्षा खाली अधिक काळ कसे राहता येईल, हा विचार त्यांना पछाडू लागला. शरीरात वायू एकदा पुरता मुरला की त्यानंतर कितीही दिवस राहिले तरी वर येण्याचा वेळ वाढत नाही, या तत्त्वावर त्यांनी पाण्याखाली घरे बांधली. १९६२ साली मार्सेजवळ दहा मीटरांवर आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली आठवडाभर राहिले. १९६३ साली सुदानजवळ तांबड्या समुद्रात महिनाभराचा मुक्काम झाला. १९६५ साली नीस शहराजवळ १०० मीटर खोलीवर सहा जणांनी तीन आठवडे काढले. त्यांत कुस्तो यांचा धाकटा मुलगा फिलिपही होता. श्वासासाठी हेलियम आणि प्राणवायू यांचे मिश्रण वापरले होते. ज्या खोलीच्या आसपास फार्ग काही मिनिटेही तगले नाहीत, तिथे माणसे जेवली, झोपली आणि कामे करून सुखरूप परतली. ज्ञान कसे वाढते याचा याहून चांगला दाखला मला सापडला नाही.

एक बदललेला माणूस

थोर पुरुषांच्या चरित्रात फक्त गुणच सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती मला पटत नाही. ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळखडकात सुरुंग लावलेला दिसतो. जहाजाच्या पंख्याने एक देवमाशाचे पिल्लू जखमी होते. त्याचे रक्त हुंगून शार्क जमतात आणि खलाशी त्वेषाने शार्कची कत्तल करतात. आज ते दृश्य पाहवत नाही. पाण्याखालच्या घरांमागेही तेलव्यवसायाचा पैसा होता. समुद्राच्या तळाशी माणसाने वसाहत करावी, तिथली संपत्ती काढावी, असे कुस्तो यांचे त्या वेळी मत होते.

पण ज्याने एकाच समुद्रात वर्षानुवर्षे डोळे उघडे ठेवून बुड्या मारल्या त्याला फरक दिसल्यावाचून कसा राहील? जिथे पूर्वी मासे होते तिथे ओसाड खडक दिसू लागले. १९६० साली भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याचा बेत सरकारी अणुसंस्थेने केला, तेव्हा कुस्तो यांनी जाहीर विरोध केला आणि तो बेत सोडावा लागला. १९७३ साली त्यांनी समुद्राच्या रक्षणासाठी कुस्तो सोसायटी स्थापन केली. त्यांच्या दूरदर्शन मालिकांनी घरोघरच्या मुलांना समुद्राची ओळख करून दिली. उतारवयात त्यांनी अंटार्क्टिका खंड खाणकामापासून वाचविण्यासाठी जगभर सह्या गोळा केल्या. १९९१ साली माद्रिद येथे तसा करार झाला. ज्या हाताने सुरुंग लावला त्याच हाताने रक्षणाचे निवेदन लिहिले, हे मला त्यांच्या सर्व बुड्यांहून अवघड वाटते.

घरच्या आघाड्यांवर त्यांना सुख लाभले नाही. २८ जून १९७९ रोजी लिस्बनजवळ विमान कोसळून फिलिप गेला. तो वडिलांचा उजवा हात होता. १९९० साली सिमोन वारल्या. पुढल्या वर्षी कुस्तो यांनी दुसरा विवाह केला. थोरला मुलगा जाँ-मिशेल याच्याशी नावाच्या वापरावरून वाद कोर्टापर्यंत गेला. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका गाधाची धडक बसून कॅलिप्सोही बुडाली. तिला वर काढले, पण कुस्तो यांना तिच्यावर पुन्हा पाऊल ठेवता आले नाही. २५ जून १९९७ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, पॅरिसमध्ये त्यांनी जगाचा निरोप घेतला. जन्मगावीच त्यांना मूठमाती देण्यात आली.

आपण काय घ्यावे?

आमच्या घराण्यात समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. परंतु महाविद्यालयाची पायरी चढणारा मीच पहिला. समुद्र म्हणजे पोटापाण्याचे साधन, एवढेच आजवर आम्ही मानीत आलो. कुस्तो यांच्या चरित्राने मला त्याच्याकडे नव्याने पाहायला लावले. गेल्या काही वर्षांत जाळ्यात पूर्वीसारखे मासे येत नाहीत, अशी तक्रार आमच्या ओटीवर रोज होते. ती तक्रार कुस्तो यांनी भूमध्य समुद्राबद्दल फार पूर्वी केली होती. आपल्या किनाऱ्याच्या पाण्याखाली काय आहे आणि काय नाहीसे होत आहे, हे डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारी मुले आमच्याच गावांतून निघाली पाहिजेत असे मला मनापासून वाटते. पर्यटकांना खाली नेणारा माझा भाऊ रोज हे पाहतो. पण ते लिहून ठेवावे असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

घड्याळावर कितीही मोठा आकडा असला तरी तो घड्याळाचा पराक्रम आहे. बांधणाऱ्याचा पराक्रम त्याने खाली किती पाहिले आणि वर येऊन काय सांगितले यावर ठरतो. कुस्तो यांनी आपल्याला मिळालेल्या मिनिटांचे सोने केले. आणि त्यांच्या मिनिटांचा हिशेब ज्याने आपल्या प्राणाने बसवून दिला, त्या मोरिस फार्ग यांचे नाव घड्याळाच्या कोणत्याही जाहिरातीत येत नाही. १२० मीटरांवरच्या फळीवर ते लिहिलेले होते, एवढे तरी आपण लक्षात ठेवू या. या दोघांच्याही स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.